पाटील-पिंजारी १

शहाद्याच्या कुठल्याही फोटोवाल्याला विचारा. नवरीचा चेहरा उजळायचा असेल, पंगतीत मधेच शिरलेलं कुत्रं काढायचं असेल, वरमाळेच्या ऐन घडीला नवरदेवाने डोळे मिटले असतील आणि ते उघडून हवे असतील, तर जायचं कुठे? तो एकच बोट दाखवील. पिठाच्या गिरणीला लागून जो अरुंद बोळ आत जातो, त्याच्या तोंडाशी ‘शमा मिक्सिंग अँड फ्लेक्स’. काचेचं दार, आत दोन कॉम्प्युटर, आणि पडद्याला नाक लावून बसलेली शिरीन.

शमा तिची आई. आई गेली त्याच वर्षी दुकान उघडलं, म्हणून पाटीवर आईचं नाव. शिरीनचं स्वतःचं नाव त्या दुकानात कुठेच नव्हतं, आणि ते नाही हे तिच्या कधी मनातही आलं नाही. लग्नाच्या अल्बमची एक रीत असते. पहिल्या पानावर नवरा-नवरी, शेवटच्या पानावर स्टुडिओचं नाव आणि मोबाइल नंबर, आणि मोठ्या फोटोंच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत फोटो काढणाऱ्याचं नाव. ते नाव शिरीनच टाइप करायची. मिक्सिंग करणाऱ्याचं नाव अल्बमवर येत नाही. कुणी दाबून ठेवतं म्हणून नव्हे. येतच नाही, जसं भाकरीवर थापणारीचं नाव येत नाही.

बाप जब्बार पिंजारी. त्याचा उभा जन्म कापूस पिंजण्यात गेला. खांद्यावर धनुष्यासारखं पिंजण टाकून तो गावोगाव फिरायचा, पार सारंगखेड्यापर्यंत. पिंजणाच्या तातेवर, त्या ताणलेल्या दोरीवर, ठोका पडला की टण्णऽ असा आवाज गल्लीभर जायचा आणि बाया जुन्या गाद्या उसवून ओट्यावर आणायच्या. दगडासारखा झालेला कापूस त्याच्या हाताखाली असा फुलायचा, की पोरं त्यात उड्या मारायला धावायची. पुढे पिंजायचं यंत्र आलं, मग फोमच्या गाद्या आल्या, आणि पिंजण भिंतीला टांगलं गेलं. आता तो दुकानाच्या दाराशी घडी घातलेल्या गादीवर बसून असायचा. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. उर्दू अडखळत वाचायचा, मराठी एसटीच्या पाटीपुरती, आणि इंग्रजी अक्षरं म्हणजे त्याला नुसत्या मुंग्या. पण एक नियम त्याने पोरीच्या हाडात भरला होता. गिऱ्हाइकाचा कापूस गिऱ्हाइकालाच. मूठभरही मागे ठेवायचा नाही. आणि गिऱ्हाईक कितीही खोटं वागलं तरी त्याच्या गादीत रद्दी भरायची नाही. गादी त्याची असते, हात आपला असतो.

शिरीनचं एकदा लग्न झालं होतं. ते टिकलं नाही. त्याबद्दल ती बोलत नाही, म्हणून मीही बोलणार नाही.

नवनीत सर तिच्या दुकानात पहिल्यांदा आले ते स्नेहसंमेलनाचा फ्लेक्स करायला. पुरुषोत्तमनगरकडचे पाटील. घरची बागायत, केळी, पपई, ऊस. धाकटा भाऊ शेती बघायचा, सर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. बोलायला गोड माणूस. वर्गात ते पुस्तकासारखं शुद्ध बोलायचे आणि बाहेर आल्यावर आमच्यासारखीच अहिराणी. शिरीनला सगळ्यांदेखत ‘बेन’ म्हणायचे. त्यांच्या गुजर घरांत बहिणीला बेन म्हणतात. ईदेला दुकानातून त्यांच्या घरी शीरखुर्मा जायचा आणि परत येताना डबा कधी रिकामा यायचा नाही.

सरांना आभाळाचं वेड होतं. पुण्याहून त्यांनी दुर्बीण आणली होती, तिला कॅमेरा जोडला होता. साखर कारखान्याच्या दिव्यांनी घरावरचं आभाळ पांढुरकं व्हायचं, म्हणून अमावास्येच्या सुमाराला ते सामान गाडीत टाकून तोरणमाळचा घाट चढायचे. आभाळाच्या एकाच तुकड्याचे ढीगभर फोटो काढायचे. मग ते फोटो एकावर एक रचून त्यांतून एकच फोटो करायचा असतो. ते रचणं काही सरांना जमेना.

“शिरीनबेन, तू नवरीले गोरी करस. आभाळले काळं करी देशी का?”

“काळं करानं सोपं शे सर. गोरं करालेच येळ लागस.”

असं ते काम तिच्याकडे आलं.

कॅमेऱ्याचं पहिलं कार्ड फेब्रुवारीत आलं. सिंह राशीतली एक लांबची आकाशगंगा, लहानशी, पाण्यातल्या भोवऱ्यासारखी. शिरीनने लग्नाच्या सवयीने काम केलं. मधली गोष्ट उजळ, मागचं सगळं काजळ. एका बाजूला फिकट राखाडी डाग होता, तोही तिने नेहमीसारखा पुसून टाकला. सर फोटो बघून इतके खूश झाले की गिरणीवाल्यालाही बोलावून दाखवला.

पण डाग पुसताना तिच्या हाताला काहीतरी खटकलं होतं. डागांची तिला जन्माची ओळख. स्टुडिओवाल्या कुंदनभाऊच्या लेन्सवर एकदा हळदीचा ठिपका बसला होता. तो एका फोटोत नवरीच्या नाकावर आला, दुसऱ्यात आचाऱ्याच्या पातेल्यावर, तिसऱ्यात पुढाऱ्याच्या टोपीवर. लेन्सचा डाग जागचा हलत नाही, माणसं त्याच्याखालून सरकतात. सरांच्या फोटोंत उलटं होतं. दुर्बीण जराशी सरकली की तारे एका फोटोतून दुसऱ्यात थोडे बाजूला जायचे. आणि तो डाग ताऱ्यांच्या सोबतीने जायचा, गुराख्याने गुरांमागे चालावं तसा.

तिने सरांना बोलावून घेतलं.

“सर, हाऊ डाग लेन्सना नही शे.”

“मग काढ ना तो.”

“काढेल व्हता. मीच परत आना.”

“अवं बेन, कारखानाना उजेड व्हई. नहीतं ढग व्हई. साफ कर आन मोकळी व्हय.”

“ढग ताऱ्यासंगे फिरस का?”

सर खुर्चीवर बसले. चहा आला, निवला, साय धरली. मग ते म्हणाले की पुढच्या अमावास्येला कॅमेरा आडवा लावून बघतो. डाग खोटा असेल तर कॅमेऱ्याबरोबर वळेल, खरा असेल तर ताऱ्यांबरोबर राहील.

मार्चचं कार्ड आलं. कॅमेरा वळला होता, डाग वळला नव्हता. आकाशगंगेच्या कुशीपासून निघून, वर जाऊन, दोन पदर होऊन पसरलेला. शिरीनने या वेळी काही पुसलं नाही. मागचं काजळ हळूहळू उतरवत नेलं, आणि अंधारातून तो असा वर आला, जसं थंडीत सकाळी तापीवरून धुकं उठतं.

ते काय होतं, हे सरांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. ताऱ्या-ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे धूळ असते, चुलीच्या धुराहून बारीक. आपण आभाळात जो दुधाळ पट्टा बघतो, त्यात ती इतकी दाट असते की मागचे तारे झाकते आणि काळी भगदाडं पडल्यासारखी दिसते. पण पट्ट्यापासून लांब ती विरळ, अगदी विरळ. तिच्याजवळ तिला उजळणारा कुणी एक तारा नसतो. आपल्या आकाशगंगेतल्या सगळ्या ताऱ्यांचा मिळून जो काही उजेड तिथवर पोचतो, तेवढाच तिच्यावर पडतो, आणि त्यातला चिमूटभर आपल्याकडे परत येतो. सगळ्यांच्या उजेडावर जगणारी धूळ. डोळ्याला ती कधीच दिसत नाही.

“याले नाव काय?” शिरीनने विचारलं.

तेव्हा सर नावांकडे वळले. फार पूर्वी अमेरिकेत बर्नार्ड नावाचा माणूस होता. लहानपणी तो फोटोच्या दुकानात कामाला होता. पुढे त्याने आभाळातल्या काळ्या डागांची यादी केली, आणि त्या डागांना आजही त्याच्या आडनावाचं पहिलं अक्षर आणि पुढे आकडा, एवढंच नाव आहे. मग लिंड्स नावाच्या बाई झाल्या. दुसऱ्यांनी मोठ्या दुर्बिणीतून सगळ्या आभाळाचे फोटो काढून ठेवले होते. बाई ते फोटो एकेक करून बघत बसल्या आणि त्यातून अंधारे ढग वेचले. त्या ढगांना बाईंचं नाव आणि आकडा. ढगाला चेहरा नसतो, गाव नसतं, आई-बाप नसतात. ज्याने बघून यादीत मांडला त्याचं आडनाव, आणि कितवा त्याचा आकडा. एवढंच त्याचं बारसं.

“म्हंजे बाईनं फोटो काढाच नही,” शिरीन म्हणाली. “बाईनं नुसता देखा.”

“देखा म्हनीसनी तं नाव लागनं.”

“मंग तिनं मिक्सिंगच करं म्हना ना.”

सर मोठ्याने हसले. त्यांनी जुन्या याद्या धुंडाळल्या. उपग्रहांनी काढलेल्या उष्णतेच्या नकाशात त्या जागी पुसटशी सावली होती, पण नाव कुठल्याच यादीत सापडेना. युरोपातल्या हौशी मंडळींची एक यादी चालू होती, तिथे असा नवा ढग पाठवता यायचा. शोधणारा एक असेल तर एक आडनाव, दोन असतील तर दोन, मधे छोटी रेघ. शिरीनने ती यादी पडद्यावर स्वतः पाहिली. जोडनावं होती, पुष्कळ होती.

“पाटील-पिंजारी एक,” सर म्हणाले.

दाराशी बसलेल्या जब्बारने मान वळवली. “पिंजारी? कठे?”

“वर, चाचा. आभाळमा.”

म्हाताऱ्याने हात कपाळाला लावून दारातून भर दुपारच्या आभाळाकडे पाहिलं. “अस्सं! मी म्हनू इतला कापूस तठे कोनी पिंजा.”

त्या संध्याकाळी त्याने चहाच्या टपरीवर सांगितलं, दुसऱ्या दिवशी मशिदीबाहेर सांगितलं, शुक्रवारी तर दोनदा सांगितलं. टपरीवरचे लोक त्याला छळू लागले.

“काय जब्बारचाचा, वरल्या गाद्या कधी मिळतीन?”

“तुले काय कामन्या? कूस बदलशी आन खाले पडशी.”

पण छळताना सगळ्यांच्या डोळ्यांत एक ओलावा असायचा. आमच्या भागात पिंजारी हे नाव आता फक्त आडनाव म्हणून उरलं होतं, काम म्हणून नाही. ते जिथे पुसलं जाणार नाही अशा जागी लिहिलं जाणार होतं. म्हातारा त्या उन्हाळ्यात ताठ चालायला लागला. शिरीनला आपल्या नावाचं फारसं काही वाटलं नसतं, हे मी तिच्या तोंडून ऐकलं आहे. तिला बापाचं ते चालणं हवं होतं.

पाठवायचा फोटो तिने फार मन लावून केला. सर खुर्ची ओढून शेजारी बसले होते. सगळं झालं, आणि शेवटी तिचा हात आपोआप उजव्या कोपऱ्यात गेला. अल्बममागून अल्बम तिथे जे करत आला तेच त्याने केलं. बारीक इंग्रजी अक्षरांत फोटो काढणाऱ्याचं नाव: नवनीत पाटील, तोरणमाळ. टाइप करून झाल्यावर तिने फाइल सरांना दिली. सरांनी तो कोपरा बघितला होता. ते तेव्हा काही बोलले नाहीत. तीही नाही, कारण तिला त्यात वेगळं काही दिसलंच नाही. कोपऱ्यात फोटोवाल्याचं नाव असायचंच.

“फोटोसंगेनी चिठ्ठीमा दोन्हीस्ना नाव लिखस, बेन,” उठताना सर म्हणाले.

पावसाळा आला. आभाळ बंद झालं. सरांचं येणं कमी झालं, आणि शिरीनने ते पावसाच्या खात्यावर टाकलं. एकदा रस्त्यात भेटले तेव्हा तिने विचारलं. ते म्हणाले, यादीचं काम हळू चालतं. गाडीवरून उतरले मात्र नाहीत.

दिवाळी झाली, कारखान्याचा भोंगा सुरू झाला, मळीचा वास गावावर बसला. एका सकाळी कुंदनभाऊ दुकानात शिरला. कुंदन म्हणजे शहाद्यातला जुना स्टुडिओवाला, हळदीच्या ठिपक्याचा मालक, सदा घाईत.

“शिरीन, एक फ्लेक्स काढी दे. अर्जंट. परवा सत्कार शे.”

“कोना?”

“नवनीत सरना. माले कालदिन सरनी मजकूर धाडा, फोटो धाडा. देख, काय भारी बनाडेल शे! सोताच काढेल, सोताच बनाडेल म्हने.”

त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला. फोटो तिचा होता. तोच ढग, तेच दोन पदर, कोपऱ्यात तिच्याच हाताची बारीक अक्षरं. खाली मजकूर होता. आपल्या मातीतील खगोल संशोधक, माननीय श्री. नवनीत पाटील सर, यांनी शोधलेल्या धूलिमेघाची जागतिक यादीत नोंद. मेघाचे नाव: पाटील १.

शिरीनने तो मजकूर शेवटपर्यंत वाचला. मग टाइप करायला घेतला. कुंदन मागे उभा राहून घाई करत होता. तिने अक्षरांना सोनेरी रंग दिला, मागे आपलाच ढग पसरवला, उजवीकडे सरांचा फोटो लावला. सवयीने सरांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढली. थोडा वेळ त्या गुळगुळीत चेहऱ्याकडे पाहिलं, आणि ती वर्तुळं परत आणली.

“आज काय व, चहा बी नही इचारना?” कुंदन म्हणाला.

“साखर सरी गयी, भाऊ.”

कारखान्याच्या गावाशेजारी बसून साखर संपली म्हणणं कुंदनला विनोद वाटला. तो हसत फ्लेक्स घेऊन गेला.

दुपारी सर आले. जब्बार नमाजला गेला होता. सर दारातच उभे राहिले आणि पहिलं वाक्य बोलले, “कुंदनला मी नंदुरबारला छापायला सांगितलं होतं.”

अडचणीत आले की सर शाळेच्या मराठीत शिरायचे.

“बठा,” शिरीन म्हणाली.

ते बसले नाहीत. “हे बघ, त्यांच्याकडे काही पद्धती असतात. चित्रावर जे नाव असतं ते धरलं जातं. कोपऱ्यात नाव तूच टाकलं होतंस. फक्त माझं. मी केवळ ते खोडलं नाही.”

“आन चिठ्ठीमा?”

सरांनी गाडीची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“चिठ्ठीमा काय लिखं, सर?”

“त्यांनी विचारलं होतं, चित्रावरचं काम कुणी केलं. मी लिहिलं, स्वतः केलं.”

“कसाले?”

आता मात्र ते बसले. हात गुडघ्यांवर ठेवले. “घरात बायकोने, रोहिणीने विचारलं, हे पिंजारी कोण, रेघ कशाला. भाऊबंद विचारणार. तुझ्या गल्लीतलेही विचारणार. पाटील आणि पिंजारी, बाईचं नाव आणि पुरुषाचं, असं जोडून जगभर गेलं तर लोक काय अर्थ काढतील? आजचे दिवस तुला ठाऊक आहेत. मी तुझ्याच भल्याचा विचार केला.”

“तुम्हीन माले बेन म्हनतस ना? सगळास्ना देखत?”

“म्हणतो.”

“मंग भाऊना नावजोडे बेननं नाव ऱ्हायनं तं लाज कसानी?”

सर उठायच्या बेताने खुर्चीच्या कडेला सरकले.

“त्या लिंड्स बाईनी गोट माले कोनी सांगी व्हती? मी पुस्तक वाचाले गयी व्हती का? तुम्हीनच सांगी. जो देखस त्यानं नाव. तुम्ही तं डाग काढी टाक म्हने व्हतात.”

“शिरीनबेन, पुढच्या ढगाला नक्की…”

“चहा लेशात का?” तिने विचारलं, जसं कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारतात. सर उठून गेले.

ती सरांवर चिडली असती तर सोपं होतं. पण डोळे मिटले की तिला आपलाच हात दिसायचा, उजव्या कोपऱ्यात जाणारा. ज्या रीतीने तिला इतकी वर्षं पोसलं होतं, त्याच रीतीने तिचं नाव गिळलं होतं, आणि घास तिने स्वतः भरवला होता. सरांनी फक्त तो अडवला नव्हता.

जब्बार नमाजहून परतला. “सरनी गाडी जातांना देखी. नाव लागनं का?”

“यादी चालू शे, अब्बा,” ती म्हणाली.

फ्लेक्स पुरुषोत्तमनगरच्या चौकात लागला. शहाद्याच्या लोकांचं तिकडे जाणं-येणं असतं. वाचायचे ते वाचून आले. त्यानंतर टपरीवर जब्बारला कुणी वरच्या गाद्यांबद्दल विचारेना. तो स्वतःहून विषय काढायचा, तर लोक चहात बघायचे, नाहीतर उसाच्या भावावर बोलायचे. म्हाताऱ्याला वाटलं, जळतात.

तोरणमाळवर पाणी गोठायच्या सुमाराला यादीवाल्यांचा निरोप आला. ढग फार पुसट आहे, अधिक खोल फोटो हवा. तो येईपर्यंत नावापुढे प्रश्नचिन्ह राहील. सरांनी घाट चढून थंडीत कुडकुडत फोटो काढून आणले. रचायला स्वतः बसले. कधी सगळं आभाळ राखाडी व्हायचं, कधी सगळं काळं. नाशिकच्या एका मिक्सिंगवाल्याकडे पाठवलं. त्याने चांगल्या मनाने डाग पुसून, आकाशगंगा झळकवून परत दिली.

जानेवारीत सर पुन्हा त्या काचेच्या दारात उभे राहिले. हातात कार्ड.

“बेन, तुझ्याशिवाय…”

“ठेवा,” शिरीन म्हणाली.

ते कार्ड दोन दिवस टेबलावर पडून होतं. तिला काय करता येईल हे तिला ठाऊक होतं. एकदा बोट फिरवलं की पाटील १ आभाळातून गेला असता. कुणाला कळलंही नसतं, आणि सरांनीच तर सांगितलं होतं, साफ कर आणि मोकळी हो. तिसऱ्या दिवशी तिने फोटो उघडले, रचले. डाग दिसायला लागला तेव्हा तिने बोट त्याच्यावर नेलंही होतं.

दाराशी जब्बार कुणाला तरी सांगत होता, तातेचा ठोका हलका हवा. जोर लावला तर कापूस तुटतो, फुलत नाही.

तिने बोट उचललं. मग हलक्या हाताने काजळ उतरवत गेली. या वेळी फोटो खोल होते. तिला दोनच पदर माहीत होते, त्यांच्यामागून तिसरा निघाला, चौथा निघाला. आकाशगंगा त्यात फुलात अडकलेल्या माशीएवढी राहिली. पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पिंजलेला कापूस, आणि कडेला तो संपतही नव्हता. असा ढग तिने पाहिला नव्हता. तो पाहिलेलं माणूस त्या क्षणी जगात दुसरं कुणी नव्हतं.

सर आले तेव्हा ऊन दारात आलं होतं. पडद्याकडे बघतच ते खुर्ची ओढून बसले.

“बेन…”

“बेन नका म्हनू. गिऱ्हाईक शेतस तुम्ही.” तिने कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. “सगळं व्हई गयं. कोपरा मोकळा ठेवेल शे. मांगे मन्हा हाते लिखाई गयं. आते तुम्हना हाते लिखा.”

“मी?”

“हां. जे लिखनं व्हई ते.”

जब्बार गादीवरून उठला, भिंत धरत आत आला. “नाव लिखी ऱ्हायनात का सर? माले देखू द्या.” तो सरांच्या खांद्यापाशी येऊन उभा राहिला. त्याला सरांच्या अंगावरच्या कपड्याचा वास येत असेल, इतका जवळ.

सरांनी एका बोटाने टाइप केलं. हळूहळू, एकेक अक्षर शोधत. पाटीलचं शेवटचं अक्षर झालं. पुढे ती उभी रेघ लुकलुकत राहिली. जोडायची छोटी रेघ कीबोर्डच्या वरच्या ओळीत असते, शून्याच्या शेजारी. सरांचं बोट तिकडे गेलं. शिरीन त्या बोटाकडे बघत होती. त्या घडीपर्यंत, एवढं सगळं होऊनही, तिने आशा सोडली नव्हती.

बोट तिथे थांबलं, मग अलीकडे येऊन एकाचा आकडा दाबला. सरांनी हात मांडीवर घेतला.

“काय लिखं सर?” जब्बारने विचारलं.

सरांनी शिरीनकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. स्वच्छ, शाळेच्या मराठीत म्हणाले, “पाटील-पिंजारी एक, चाचा.”

म्हातारा आणखी पुढे सरकला. त्याने हात पुढे केला. तात ओढून ओढून वाकडं झालेलं बोट पडद्याच्या कोपऱ्यापाशी उभं राहिलं, त्या मुंग्यांच्या ओळीवर.

“यामा मन्हं कोनतं?”

सर खाली वाकून पिशवीत काहीतरी शोधू लागले.

शिरीन एक शब्द बोलली असती तर सर तिथेच उघडे पडले असते. त्यांच्याबरोबर म्हातारा सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर परत वाकला असता. तिने बापाचं मनगट धरलं. त्याचं बोट कोपऱ्यातून उचललं, अक्षरांवरून बाजूला आणलं, आणि पडद्याच्या मधोमध ठेवलं, जिथे ढग सगळ्यात दाट होता.

“हाई, अब्बा. हाई आपलं.”

“इतलं मोठं?”

“हां.”

कार्ड तिने दुसऱ्या हाताने, मागे न बघता सरांकडे दिलं. त्यात सगळं होतं, त्यांचा एकही फोटो तिने मागे ठेवला नव्हता. दार वाजलं, बोळात गाडी सुरू झाली, गिरणीच्या आवाजात मिसळून गेली. तिने बापाचं बोट ढगावरून काढलं नाही.